काकींनी मागितलेला फोटो

प्रिय उज्ज्वलाताई,

आज सकाळी आरोंद्याहून तुझ्या आईचा फोन आला. पुढच्या महिन्यात तुझं वर्षश्राद्ध आहे. काकींना तुझा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचाय, आणि कुठला ते त्यांनी ठरवूनही ठेवलंय.

"नीता, ता शेवटचा लगीन केलात मा तुमी, तोंडवलेक? थयलो फोटो होयो माका. दारार उभी रवान पावण्यांका ओवाळता, तो. तिनांच सांगललान माका. शोधून देशीत मा गो?"

मी म्हटलं, "होय काकी, शोधतंय." फोन ठेवला आणि समोरच्या चहावर साय धरेपर्यंत तशीच बसून राहिले.

असा फोटो नाही, ताई. त्या दिवशी पाहुण्यांना ओवाळायला तू दारावर नव्हतीस. हे तुला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे. मग हे दुसऱ्या कोणाला लिहू?

तू गेल्यापासून मी रडलेले नाही, हेही सांगून टाकते. लोकांना वाटतं, मी खंबीर आहे. मी खंबीर नाही. आत काही हलतच नाही. दात उपटल्यावर गाल बधिर असतो ना, बोट लावलं तर आपलाच गाल परका वाटतो, तसं वर्षभर चाललंय. लग्नांच्या ऑर्डरी घेते, मांडववाल्याशी भांडते, नवरीच्या मावशीला हसून चहा देते. सगळं बरोबर होतं.

तुला आठवतं, आपली ओळख कशी झाली? गोव्याच्या त्या हॉटेलात मी शिकाऊ म्हणून लागले होते. गावी मिठबावात बाबा सांगत, "चेडू गोव्याक कंपनीत आसा." हॉटेलात चादरी बदलते असं त्यांच्या तोंडून निघत नसे. एकदा आमच्या वाडीतलाच एक जण बायकोला घेऊन तिथे राहायला आला. मी धावत जाऊन कपड्यांच्या खोलीत लपले. तू आलीस, माझ्या हातात दोन टॉवेल ठेवलेस.

"जा. टॉवेल दी आणि नमस्कार कर."

"ताई, तो गावात सांगतलो."

"सांगांदे. तो मजा करूक इलोहा, तू कामाक इलंस. लाज कोणाक वाटाक होयी?"

मी गेले. त्याने मला ओळखलं, "अरे वा" म्हणाला आणि जादा साबण मागितला. एवढंच झालं. गावात गोष्ट पोचली, बाबा दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मग बोलायला लागले. तू नसतीस तर मी त्याच संध्याकाळी बॅग भरली असती.

तुझं मात्र तिथे काही झालं नाही. समारंभाच्या हॉलची सगळी जबाबदारी तुला हवी होती. तीन पुरुषांना तू ते काम शिकवलंस आणि तिघेही तुझे साहेब झाले. मॅनेजर म्हणायचा, कार्यक्रम उशिरा संपतात, बाईमाणसाला कसं ठेवायचं? तू स्कूटर शिकलीस, हॉटेलजवळ खोली घेतलीस, त्याला सांगितलंस, आता ठेव. तरी त्याने चौथा माणूस आणला. त्या दिवशी तू मला जिन्याखाली गाठून म्हणालीस, "मी चाललंय तोंडवलेक. लग्ना लावूया आपण, समुद्रार. येतंस?" मी कुठे, कसं, काही विचारलं नाही. तेव्हा मला तुझं सगळंच पटायचं.

पहिल्या लग्नात वाऱ्याने मांडवाचं कापड फाडलं. तू किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या मच्छीमारांकडे जाऊन जाळ्याची दोरी मागून आणलीस, साडी खोचलीस आणि त्यांच्यासोबत गाठी मारायला बसलीस. मुहूर्त चुकला नाही. आरोंद्यात बायका काकींना म्हणायच्या, "तुझा चेडू दुसऱ्यांची लग्ना लावता, स्वतःचा कधी?" तू हसून सांगायचीस, "माका सुट्टी खंय आसा?" ते हसणं खरं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. बरंच काही विचारायचं राहिलं.

मग तुझं दुखणं आलं. गाठ, ऑपरेशन, औषधं. केस गेले. तू दर उपचारानंतर चार दिवस घरी झोपायचीस आणि पाचव्या दिवशी कामावर हजर.

आता तो दिवस लिहिते.

फेब्रुवारीतलं लग्न, सकाळचा मुहूर्त. तू सातलाच आलीस. निळी साडी, डोक्याला त्याच रंगाचा रुमाल. काकींनी तो घरी बांधून दिला होता, हे तू आल्या आल्या सांगितलंस. भुवया पेन्सिलने काढल्या होत्यास, त्यातली एक जरा वर गेली होती. ओवाळायचं तबक घेऊन तू मांडवाच्या दारावर उभी राहिलीस, आपल्या नेहमीच्या जागी.

मुलीच्या आईने मला बाजूला घेतलं. "त्या बाई आजारी आहेत का हो? मला काही नाही त्याचं. पण दारातच... शुभकार्य आहे, पाहुणे विचारतील."

मी तुझी बाजू घेतली नाही. "बघते" म्हटलं आणि तुझ्याकडे आले.

"ताई, तू आत जेवणाकडे बघशील? इथे ऊन लागेल."

ऊन नव्हतं. मांडवाची सावली पार बाहेरच्या रस्त्यापर्यंत होती. तू वर बघितलंस, मग माझ्याकडे बघितलंस. तबक माझ्या हातात दिलंस.

"बरा," म्हणालीस, आणि गेलीस.

मी ओवाळत राहिले. आपलं दुखणं पाहुण्याला दिसता कामा नये, हे तूच शिकवलेलं, त्याप्रमाणेच मी वागले, असं मी नंतर मनाला सांगत आले. ते खोटं आहे. त्या बाईने नात्यातली आणखी दोन लग्नं आपल्याकडे द्यायचं बोलून दाखवलं होतं. मला ती हवी होती. ती मिळालीही.

पण तू भांडली का नाहीस? त्या मॅनेजरसमोर तू टेबलावर हात आपटला होतास. मला दोन शब्द सुनावायला काय झालं होतं? की माझ्याकडून तशी अपेक्षाच नव्हती, म्हणून बोलायचं सुचलं नाही? तू पंगती उठेपर्यंत आत काम केलंस आणि मला न सांगता दुपारच्या गाडीने गेलीस. परत आली नाहीस. फोन केला की, "जरा थकलंय," म्हणायचीस. मी भेटायला येते म्हणायचे आणि सीझन आहे म्हणून थांबायचे. आंब्याच्या पेट्या भरायच्या दिवसांत तू गेलीस.

तुझ्या बाराव्याला मी काय केलं, माहीत आहे? खुर्च्या कमी पडत होत्या, त्या शेजारच्या घरांतून आणल्या. किती पानं मांडायची ते बघितलं, पंगती लावल्या, डाळ पुरत नव्हती ती वाढवायला सांगितली. हात आपोआप चालत होते. काकींनी मला ओढून पाटावर बसवलं.

"बस गो बाय. तुझ्याकडे कामाक येय म्हणान दोन घास तरी खाय ती. शेवटापर्यंत तूच तिका माणसांत ठेवलंस."

मी जेवले, ताई. काकींनी वाढलेलं सगळं जेवले. तेव्हापासून त्या मला कोकमाचं आगळ पाठवतात, सांडगे पाठवतात. बरण्या कपाटात तशाच आहेत.

आज फोननंतर मी त्या लग्नाचे सगळे फोटो बघितले. दारावरच्या प्रत्येक फोटोत मी आहे, तबक घेऊन, हसते आहे. तू नाहीस. फोटोग्राफरला फोन करून विचारलं, आणखी काही शिल्लक आहेत का. कशाला हवेत तेही सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, एवढंच ना? ताईंचा जुना फोटो दारावर बसवून देतो. कोणाला कळणार पण नाही." तासाभरात पाठवलाही.

सुंदर केला होता. निळी साडी, दार, तबक, तू. मी तो काकींना पाठवायला बोट ठेवलं होतं. मग दिसलं, त्यात तुला केस होते. दाट, खांद्यावर आलेले. आणि त्या दिवशी सकाळी काकींनी स्वतःच्या हाताने तुझ्या डोक्याला रुमाल बांधला होता.

त्याच्याकडून त्या लग्नातले उरलेसुरले फोटोही आले, अल्बमसाठी न निवडलेले. त्यात तू एका फोटोत आहेस. जेवणाच्या तंबूमागे उकिडवी बसली आहेस, तोंडात सेफ्टी पिन, रुमाल सरकलेला, आणि समोर उभ्या असलेल्या सेजलच्या निऱ्या नीट करते आहेस. सेजल आपल्याकडे तेव्हा नुकतीच लागली होती, साडीची सवय नव्हती तिला. आता दारावर तीच उभी असते.

मी सेजलला बोलावून विचारलं, "त्या वेळी ताई काय म्हणाली तुला? माझ्याबद्दल काही?"

ती आठवत राहिली. "तुमच्याबद्दल नाय. 'चलताना घाई करू नको, पाय अडाकतलो,' इतक्याच म्हणाली."

मला वाटलं, आता तरी रडू येईल. नाही आलं. मी फोटो पेनड्राइव्हवर घेतला आणि फुलवाल्याचा फोन आला तो घेतला.

काकींना तू खोटं का सांगितलंस? त्यांना वाईट वाटू नये म्हणून, की मला वाचवायला? तू त्यांना एक चांगली सकाळ देऊन गेलीस. ती मोडायचा मला हक्क आहे का, याचा दुपारभर विचार केला. कदाचित नसेल. कदाचित मी माझंच ओझं म्हातारीच्या डोक्यावर द्यायला निघाले आहे. पण त्या मला देवमाणूस समजून आगळ पाठवत राहणार आणि मी बरण्या लपवत राहणार, हे यापुढे मला जमणार नाही.

म्हणून शब्द देते. उद्या मी आरोंद्याला जाते आहे. तंबूमागचा तो फोटो काकींच्या हातात देईन आणि दारावर तू का नव्हतीस ते सांगेन. त्या बाईचं नाव पुढे करणार नाही, तुला आत मीच पाठवलं असंच सांगेन. त्या रागावल्या तर ऐकून घेईन. ऊठ म्हणाल्या तर अंगणात जाऊन बसेन. आणि काही न बोलता त्या आत निघून गेल्या, तर त्या परत बाहेर येईपर्यंत तिथून हलणार नाही.

तुझी,
नीता