दम लागणाऱ्या इंजिनाची हकीकत

तीर्थरूप मामांस,

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी वाटीएवढ्या एका प्रेशर मीटरचा काटा हलला नाही आणि माझं आयुष्य बदललं. (हलला असता तर हे पत्र आलं नसतं, आणि तुमची दुपारची झोप शाबूत राहिली असती.) असो. आधी रीत. तुम्हाला आणि मामींना वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? मामींनी जिना चढायला बंदी केली होती, ती उठली का? मी इथे खुशाल आहे. म्हणजे चार वाजेपर्यंत तरी आहे.

तुम्ही शब्द टाकून मला या बोटींच्या वर्कशॉपात चिकटवलंत, त्याला सात महिने झाले. परीक्षकांच्या टेबलावर जर्नल आपटून कॉलेज सोडलेल्या मुलाला दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नसतं. वर्कशॉपच्या उस्तादांनी केलं. ते मला ‘इंजिनियरसाहेब’ म्हणतात. त्यातला टोमणा मला तिसऱ्या महिन्यात कळला.

तर दवाखान्याची बोट. पलीकडच्या तीरावरून ही पेशंट आणते, म्हणून तिला वेग लागतो, आणि वेगासाठी इंजिनावर सुपरचार्जर आहे. (पट्ट्यावर फिरणारा पंखा समजा. इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबतो. आम्ही त्याला फुंक्या म्हणतो.) ही बोट एक मुलगी चालवते. मामा, इथे तुम्ही चष्मा वर सरकवलात ते मला दिसलं. पहिल्याच दिवशी माझ्या हातून पाना निसटून तिच्या पायावर पडला, तेव्हापासून मी तिच्या लेखी ‘पाना’. कालपर्यंतच्या सात महिन्यांत ती माझ्याशी नऊ वाक्यं बोलली. चार इंजिनाबद्दल, पाच पायाबद्दल. मला मात्र तिच्या बोटीचा आवाज दुरून ओळखू येतो, आणि आला की हातातलं काम कुठवर आलं होतं ते आठवत नाही. हे गंमत म्हणून लिहीत नाही. पुढे याचाच घोटाळा आहे.

पंधरा दिवसांपूर्वी ती म्हणाली, “रेस दिली की हिला दम लागतो.” आता माणसाला दम लागतो तो श्वास अपुरा पडला की. म्हणून मी हवेच्या मागे लागलो. पट्टा बदलला, फुंक्या खोलून पुसला, हवेची जाळी धुतली. हवा भरपूर. मग पेट्रोलकडे वळलो. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर काढून साफ केले, फिल्टर नवा घातला, पंप तपासला. धक्क्याला बांधलेल्या बोटीत इंजिन तृप्त मांजरासारखं गुरगुरायचं. नदीच्या मध्यावर जोर दिला की खोकायचं, धडधडायचं, गळाठायचं. शेवटी उस्तादांनी मला दम दिला (हा दम वेगळा, तो मला रोज मिळतो) आणि निकाल लावला: इंजिन ठणठणीत आहे, बाईच रेस पिळते.

काल त्यांनी तसा अहवाल सांगितला आणि मी लिहिला. मी ‘नाही’ म्हणू शकलो असतो. पण तासाभरापूर्वीच ती माझ्यासमोर उस्तादांना म्हणाली होती, “पानाला काही कळत नाही, दुसरं कुणी बघा.” माझं डोकं तापलं. ‘चालवण्याची पद्धत सदोष’ या शब्दांखाली मी इतकी जोरात सही केली की कागद फाटला. तो अहवाल आज चार वाजता दवाखान्याच्या मोठ्या साहेबांपुढे जातो. त्यांनी मान्य केला की सोमवारपासून ती बोटीवरून खाली. केसपेपर देण्याच्या खिडकीत बसायचं. तिला यातलं काहीही माहीत नाही.

उलट आज सकाळी तीच म्हणाली, “बांधलेल्या बोटीत काय तपासतोस? दम तर तिथे लागतो. बस आत.” पेट्रोलच्या नळीला मीटर जोडून मी बसलो. मध्यावर तिने रेस दिली. फुंक्या किंचाळला, इंजिन खोकलं. मी काट्याकडे बघत होतो, तो जागचा हलला नाही. मामा, हवा वाढली की पेट्रोलचा दाबही त्याच हिशेबाने वाढायला हवा. हवा वाढल्याची खबर पेट्रोलचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरला देते ती करंगळीएवढी एक रबरी नळी. ती फुंक्याच्या पुढे जोडायची, जिथे हवा दाबली जाते. मी वाकून पाहिलं. नळी फुंक्याच्या मागे होती. तिथे हवा कायम तेवढीच. पुढे वादळ चाललेलं आणि त्या बिचाऱ्या रेग्युलेटरला पत्ताच नाही!

गेल्या महिन्यात ती नळी मी जोडली होती. हातानेच जोडली, पण मान मागे वळलेली होती, कारण ती धक्क्यावर बसून ओले केस झटकत होती.

तिने विचारलं, “काय झालं?” मी म्हणालो, “धक्क्याला घे, एक नळी हलवायची आहे.” ती कुणी जोडली, ते सांगितलं नाही. बोट तशीच आणखी काही दिवस चालली असती तर पिस्टन जळून नदीच्या मध्यावर बंद पडली असती. आणि आत पेशंट.

धक्क्याला आल्यावर नळी हलवायला दोन मिनिटं लागली. पुन्हा गेलो तर बोट पाण्यावर टिकेना, अशी पळाली. ती हसली. “वा रे पाना! कळतं की तुला!” सात महिने ज्या वाक्यासाठी झुरलो ते मिळालं आणि मला तोंड लपवायला जागा सापडेना.

उस्तादांना सगळं सांगितलं. ते शांतपणे हात पुसत म्हणाले, “झाली ना दुरुस्त? मग अहवाल राहू दे. वर्कशॉपचं नाव जातं. आणि तिथे जाऊन तोंड उघडलंस तर इंजिनियरसाहेब, उद्यापासून येऊ नका.”

तुम्ही नेहमी म्हणता, माझ्या डोक्यात हवा गेली आहे. मला राग यायचा. आज सामानाच्या कोठीत, इंजेक्टरांच्या खोक्यावर बसून विचार केला तर वाटतं, हवा जाण्याचं एवढं काही नाही. ती वाढली की आत आणखी काहीतरी वाढायला हवं, आणि माझ्यात ती खबर पोचवणारी नळीच चुकीच्या जागी आहे. परीक्षकांपुढेही, कालही. साहेबांपुढे काय बोलायचं ते तीनदा घोकलं. तिसऱ्यांदा फक्त ‘चूक माझी आहे’ एवढंच उरलं. तेवढंच बोलणार आहे.

तुमचा,
भाचा

ता. क. – उस्ताद तुम्हाला फोन करतील. ‘पोर आहे, सांभाळून घ्या’ असं कृपा करून म्हणू नका.

ता. क. २ – हे मी तिच्यासाठी करत नाही. बोटीवर दुसरं कुणी असतं तरी हेच केलं असतं. (वाचून पाहिलं. दुसरं कुणी असतं तर नळी मुळात बरोबर जोडली गेली असती.)

ता. क. ३ – खरं काम राहिलंच. तुमची बाहेरची खोली रिकामी आहे का? आणि कॉलेजचा परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख कुठली, ते जरा विचारून ठेवाल? सहज. आईला एवढ्यात बोलू नका.

ता. क. ४ – पावणेचार. ही ओळ बाहेर, दवाखान्याच्या भिंतीला कागद टेकवून लिहितोय, म्हणून अक्षर असं. उस्तादांनी हाक मारली, मी थांबलो नाही. कोठीचं दार बाहेरून लावून आलो आहे.