गाडी अजून जहाजातच आहे

बाबा,

आईने आज सकाळपासून चार वेळा विचारलं, "ह्यांची गाडी कुठवर आली गं?" चारही वेळा मी सांगितलं, अजून जहाजातच आहे. तिने मान हलवली, गोळी घेतली, अर्धी पोळी खाल्ली. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि गेले आठ महिने मी तुम्हाला समुद्रात अडकवून ठेवलंय. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी दिवसभर बँकेत असते तेव्हा आईजवळ ज्या मावशी थांबतात, त्यांना एकदा विचारलं की मी हे चुकीचं करतेय का. त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "ताई, आजी जेवत्यात ना? मग झालं की." त्यांचं तेवढ्यावर भागतं. माझं भागत नाही, म्हणून बसलेय लिहायला.

ते जहाज मुळात तुमचंच. नारायण पेठेतल्या आपल्या दोन खोल्या, मोरीपाशी कपडे भिजवायचा टब, आणि तुम्ही त्याच्यासमोर उकिडवे बसला आहात. ड्यूटीवरून नुकतेच आलात, अंगात अजून गार्डचा पांढरा गणवेश. टबातल्या पाण्यावर आईची परात तरंगतेय आणि परातीत तुम्ही काड्यापेट्या लावताय. मी नऊ वर्षांची, फ्रॉक भिजलेला. रेल्वेच्या वाचनालयात एका जुन्या मासिकात तुम्ही वाचलं होतं की इटलीत एक गाडी आहे, ती माणसांसकट जहाजात चढते. जहाजाच्या पोटात रूळ असतात. गाडी किनाऱ्यावर येते, तिचे तुकडे करतात, तुकडे आत ढकलतात, आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा जोडतात. तुम्ही सगळ्या काड्यापेट्या एका बाजूला ठेवल्यात आणि परात गुडगुड करत बुडाली. "बघितलंस? म्हणून एकदा या रुळावर, एकदा त्या रुळावर. तोल सांभाळायचा." मग तुम्ही मला विचारलंत, या सगळ्यात गार्ड कुठे असेल? मला येईना. "गार्डाचा डबा शेवटी. शेवटचा डबा चढेपर्यंत गार्ड जमिनीवर." आई कणीक मळायला खोळंबली होती. ती म्हणाली, "समुद्र ओलांडून झाला असेल तर परात द्या. इथल्या प्रवाशांना जेवायचंय." तुम्ही परात पुसून दिलीत, पण पुढचा आठवडाभर प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याला ती गाडी सांगत होतात. आईला ती तोंडपाठ झाली. झोपेत विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं.

निवृत्त झालात, आपण कोथरूडला राहायला आलो, आणि एके दिवशी तुम्ही पासपोर्ट काढून आणलात. फोटोत काळा कोट, तेल लावून चापून बसवलेले केस, चेहरा असा गंभीर की जणू ड्यूटीवर निघालात. मला दाखवलात आणि परत कपाटात ठेवलात. मला सगळं कळलं होतं. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी नक्की जाऊ, बाबा." त्या वर्षी माझी बदली, पुढच्या वर्षी घराचं काम, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काहीतरी. तुम्ही एकदाही आठवण करून दिली नाहीत. द्यायला हवी होतीत. माझ्यावर ओरडायला हवं होतंत. एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेलात, आणि तो पासपोर्ट कोराच्या कोरा कपाटात राहिला.

मी जाऊन आले, बाबा. तुमच्यानंतर सहा वर्षांनी बँकेतल्या मैत्रिणींबरोबर इटलीची सहल केली आणि शेवटचे दोन दिवस त्यांना सोडून एकटीच दक्षिणेकडे गेले. गाडी समुद्राजवळच्या एका स्टेशनात थांबली ती थांबलीच. कुणी काही सांगेना. मग मागेपुढे व्हायला लागली, धक्के बसायला लागले, दिवे गेले, गार हवा बंद पडली, आणि भरदुपारी खिडकीबाहेर अंधार झाला. खिडकीला लागून एक रंग उडालेली लोखंडी भिंत. आपण जहाजात आलो हे मला त्या भिंतीवरून कळलं. शेजारच्या रुळावर आपल्याच गाडीचा दुसरा तुकडा येऊन उभा राहिला. काड्यापेट्या. मी रडले, अगदी मोठ्याने. समोरच्या बाईंनी मला संत्रं सोलून दिलं. एक गोष्ट मात्र तुम्हाला चुकीची माहीत होती. लोक डब्यात बसून राहत नाहीत. दारं उघडी असतात. सगळे जिना चढून वर जातात, वारा खातात, भाताचे तळलेले गोळे खातात आणि हाक आली की खाली येऊन आपापल्या जागेवर बसतात. आणि समुद्र अर्ध्या तासाचा. तुम्ही सांगायचात तेव्हा मला वाटायचं दिवसचे दिवस लागत असतील. आता म्हणे तिथे पूल बांधायचं चाललंय. झाला की ही गाडीही गेली.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं तेव्हा तिचं डोकं शाबूत होतं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ह्यांना न्यायला हवं होतंस." एवढंच बोलली आणि उठून आत गेली.

विसरायला लागली ती हळूहळू. आधी चष्मा, मग गॅस, मग मी कोण ते अधूनमधून. आणि मग एका संध्याकाळी तिने विचारलं, हे अजून कसे आले नाहीत? मी खरं सांगितलं. तुमचीच मुलगी. म्हटलं, "आई, बाबा जाऊन सतरा वर्षं झाली." बाबा, तिने ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. ऐकल्यासारखं कसलं, तिच्यासाठी ते पहिल्यांदाच होतं. भिंतीला धरून खाली बसली. तासाभराने शांत झाली, तोंड धुतलं, आणि मला म्हणाली, "हे आले नाहीत गं अजून?" त्या आठवड्यात ती दिवसातून तीन-तीनदा विधवा झाली आणि प्रत्येक वेळी ती बातमी मीच सांगितली. डॉक्टर म्हणाले, सांगू नका, विषय बदला. त्यांना सांगायला काय जातं. आईचा विषय तुम्ही कधी बदलू शकलात का?

मग मी खोटं बोलायला सुरुवात केली, आणि त्यातही तोंडावर आपटले. म्हटलं, ड्यूटीवर आहेत. "कुठली गाडी?" सोलापूर पॅसेंजर. "ती चारला येते. आता साडेपाच झाले." लेट आहे, दौंडला. "दौंड सुटली असेल तर आता पाटस, केडगाव, यवत, उरळी, लोणी. सातला घरात." सात वाजले. आठ वाजले. चौतीस वर्षं गार्डाचा संसार केलेली बाई ती. स्वतःच्या मुलीचं नाव विसरेल, पण स्टेशनांचा क्रम विसरणार नाही. मी एखाद्या स्टेशनात तुम्हाला उभं केलं की ती तिथून पुण्यापर्यंतचा वेळ बोटांवर मोजायची आणि मला पकडायची. मुंबईची बाजू सांगून पाहिली, तिला घाटातली मिनिटंही ठाऊक. वेळ टळून गेली की ती साडी सारखी करायची, चपला घालायची आणि स्टेशनवर जायला निघायची. एकदा सोसायटीच्या फाटकाबाहेर गेली. वॉचमनने हाताला धरून आणली. म्हणाला, "मॅडम, आजी म्हणत होत्या, गाडीला काहीतरी झालंय आणि घरातले लपवतायत." खोटं काय होतं त्यात?

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चपला घालायला लागली. मी दारात आडवी उभी होते आणि माझ्याकडची सगळी स्टेशनं संपली होती. तोंडातून निघून गेलं, "आई, गाडी जहाजात आहे." ती थांबली. "ती इटलीतली?" हो. "डबे चढवले सगळे?" अजून चढवतायत. तिने चपला काढल्या. "मग वेळ लागणार. ह्यांचा डबा शेवटी." आणि जेवायला बसली. चार दिवसांत पहिल्यांदा नीट जेवली. मला इतकं हलकं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून हसले. समुद्रातला वेळ तिला मोजता येत नव्हता ना.

तेव्हापासून तुम्ही तिकडेच आहात. आई विचारते, लाटा आहेत का? ह्यांना बोट लागेल, खिशात आवळासुपारी ठेवली होती ना? मावशी तर माझ्या चार पावलं पुढे. "आजी, आज समुद्र लई खवळलाय बघा. बोट मधेच हुबी हाय. तुम्ही खाऊन घ्या." मागच्या महिन्यात आई म्हणाली, हे आले की अळूचं फदफदं करू, मंडईतून अळू आण, इथलं खाजरं असतं. मी बँकेतून थेट मंडईत गेले, तीन गाळे हिंडले, चांगल्या दोन जुड्या घेतल्या. गाडीपाशी आल्यावर लक्षात आलं की मी कुणासाठी अळू घेतलंय. तिथेच स्कूटरला टेकून उभी राहिले. मागचा माणूस म्हणाला, "बाई, काढताय का गाडी, की इथेच संसार मांडताय?"

तुम्हाला हे आवडणार नाही, मला माहीत आहे. सातवीत मी शाळेला उशीर केला होता आणि चिठ्ठीवर लिहून आणलं होतं की ताप होता. तुम्ही सही केली नाहीत. तुमची स्टेशनांच्या वेळा लिहायची वही उघडून माझ्यासमोर ठेवलीत. "उशीर झाला तर उशीर लिहायचा. कारण असेल ते लिहायचं. खोटी वेळ लिहिली तर मागच्या गाडीतली माणसं मरतील." मी दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं की झोपले होते, आणि वर्गाबाहेर उभी राहिले. तुमचा राग आला होता तेव्हा. आत्ताही येतो कधीकधी. रोज संध्याकाळी त्या वहीत काय लिहायचं ते तुम्ही मला सांगितलं नाहीत.

पण लिहायला बसले ते यासाठी नाही. गेल्या रविवारचं सांगायचंय. मावशी नव्हत्या. दुपारी आई गॅलरीत बसली होती, मी कपड्यांच्या घड्या करत होते. तिने मला नावाने हाक मारली. किती महिन्यांनी. म्हणाली, "इकडे बस." बसले. तिने माझा हात आपल्या मांडीवर घेतला. आवाज तिचा होता, पूर्वीचा, कोरडा आणि सरळ. म्हणाली, "हे गेले ना गं? मी चहा घेऊन आले तर खुर्चीत मान टाकलेली. तू बँकेत होतीस. मी आधी कप खाली ठेवला. मग हाक मारली. आधी कप का ठेवला असेल मी?" खुर्चीत गेलात एवढंच मला माहीत होतं, बाकीचं तिने मला अठरा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मग म्हणाली, "मला वाटतं मी नीट रडलेच नाही तेव्हा. आलेगेलेच बघत बसले. आणि तू तर अजिबात नाही."

बाबा, तिला सगळं आठवत होतं. तीन, चार मिनिटं असतील. मला नुसतं हो म्हणायचं होतं. आम्ही दोघी मिळून तुमच्यासाठी रडलो असतो, एकदाच, आणि मग तिला वाटलं तर पुन्हा विसरली असती. आणि मी म्हटलं, "काहीतरीच काय आई. गाडी जहाजात आहे."

ती म्हणाली, "असं?" हो. "तुला नक्की माहीत आहे?" हो. तिच्या चेहऱ्यावरून ते हळूहळू उतरताना मी पाहिलं. माझ्यावर विश्वास ठेवायचा म्हणून तिने स्वतःला खोटं ठरवलं. म्हणाली, "मग मला भलतंच काहीतरी आठवत होतं."

त्यानंतर ती तशी बोललेली नाही. रोज तिच्यापाशी बसते, वाट बघते, पण ती गाडीच विचारते. डॉक्टरांना हे सांगितलं नाही, मावशींनाही नाही. त्या म्हणतील सवयीने बोलून गेलात, आणि मला मान्य करावं लागेल की तसं नव्हतं. ती शुद्धीवर आहे हे मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आणि टाकायला तर पत्ताच नाही. पण तुमच्यापाशी तरी खरी वेळ लिहावी. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने माझा हात अजून धरलेला होता, आणि तो सोडवून घेऊन मी कपडे उचलायला आत गेले.