थोरलीला वरचा खण

२३ सप्टेंबर २०२५
हर्षालीनं आमच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसात मशीन मांडलंय. सर्व्हर म्हणतात त्याला. कोल्ड रूममधलं थंड-गरम, कोणाच्या मालाच्या किती जाळ्या आल्या, सगळं ते ध्यानात ठेवणार. नात माझी म्हणून सांगत नाय – पण पिंपळगावात असं बसवणारी दुसरी पोर दाखवा. कढीपत्ता आणायचा राहिलाच बघ.
दीपक, तिचा बाप, म्हणाला, "हे तुझ्यावाचून चाललं तर जा पुण्याला कोर्सला. नायतर बंद पडलं की मी कोणाला हाक मारू?"
पोरगी म्हणाली, "दसऱ्याला तुम्हीच चालू करून बघा, पप्पा."
देवा, एवढं होऊ दे तिचं.

२५ सप्टेंबर
हर्षालीशेजारी वालाच्या शेंगा निवडत बसले. मशीनला पुढं दोन खण, एकावर एक, ओढले की बाहेर येतात. वरच्यात धाकटी डिस्क, तिच्यात मशीन चालवणारं लिनक्स. खालच्यात थोरली, तिच्यात नोंदी. बूट लोडर कुठल्या डिस्कवर ठेवू, असं मशीननंच विचारलं. तिनं धाकटीवर ठेवला.
"मशीन आधी वरच्या खणात बघतं, आजी. बूट लोडर तिथं असला की तो बाकीच्यांना उठवतो."
"म्हणजे मीच की. रोज पहाटे दुसरं काय करते?"
लय हसली.

२८ सप्टेंबर
मला बटण दाबायला शिकवलं. हिरवा दिवा लागला. माझ्या हातानं!

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
कोयते, द्राक्षाच्या कात्र्या, फवारणीचा पंप – सगळं पुसून पुजलं. ज्यांच्यावर घर चाललं त्यांचे उपकार मानायचे. मशीन बंदच होतं, मग त्यालाच का वगळा? खण ओढून काढले, कोरड्या फडक्यानं पुसले, कडीला हळदीकुंकू, वर झेंडू. परत बसवताना मनात आलं, धाकटीनं थोरलीच्या डोक्यावर बसायचं, ही काय रीत झाली? थोरली वर बसवली. बरं वाटलं.

२ ऑक्टोबर, दसरा
दीपकनं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या, पुढं काय नाय.
"झालं? आता कशी जातेस पुण्याला?" म्हणाला आणि सोनं द्यायला निघून गेला.
हर्षालीनं खण पाहिले, कुंकू पाहिलं, मग मला पाहिलं. "आजी, वर कोणाला बसवलं?"
सांगितलं. वाटलं, आता भडकते. तर कपाळाला हात लावून हसायलाच लागली. "चूक माझीये. एकीवरच बूट लोडर ठेवला. मी पुण्यात असताना कोणी खण बदलले असते तर?"
बापाला माझं नाव सांगितलं नाय. असली नात दिली, आणखी काय मागू देवाला?

४ ऑक्टोबर
आता दोघींवरही बूट लोडर आहे. मशीन जागा बघत नाय म्हणे, प्रत्येक डिस्कला तिच्या नावानं ओळखतं. बापासमोर मलाच खण अदलाबदल करायला लावले. थोरली वर – हिरवा दिवा. धाकटी वर – हिरवा दिवा.
दीपक म्हणाला, "आई, तिच्यासोबत द्यायला लाडू कर."
तूप कढवायलाच घेतलं मी.

१३ ऑक्टोबर
लाईट गेली होती, आली. दीपक हाका मारत आला, "आई, मशीन लावतेस का?" लावलं. हिरवा दिवा.
हर्षालीला सांगायला पुण्याला फोन केला. उचलला नाय, वर्गात असेल.
लय बरं वाटलं.