मेंढीचं वय दातावर

आबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला धड लिहिता येत नाही. राज्य बदललं, शाळा उर्दूची मराठी झाली, त्या गोंधळात मी पाटी खाली ठेवली ती ठेवलीच. पण ते राहू द्या. दातांचं विचारायचं होतं. आत्ता देवगाव फाट्यावर मोटारीची वाट बघत बसलोय, समोरून मेंढरं चाललीत, म्हणून आठवलं. वालूरच्या बाजारात लोक तुम्हालाच हाक मारायचे. तुम्ही अंगठ्याने मेंढीचा खालचा ओठ ओढायचा आणि एका नजरेत वय सांगायचं. मेंढी कोवळी म्हणून विकणारा एकजण म्हणाला, "दोन दाती हाय, आबा." तुम्ही म्हणालात, "हिला सहा हायेत. दोन तुला दिसतेत, बाकीचे तुझ्या पोटात गेले काय रं?" सगळा बाजार हसला.

तुमचे स्वतःचे दात शेवटपर्यंत शाबूत. ऊस दाताने सोलायचे तुम्ही. मतदार यादीवाल्याने वय विचारलं तर तुम्ही आ केलात, "बघा आन लिवा." त्याने पन्नास लिहिलं. आई आतून ओरडली, "साठ कवाच सरले!" केसही काळे होते, म्हणजे तिकडूनही काही कळायला मार्ग नव्हता. मग एक दिवस तुम्ही एकाच मेंढीचं तोंड तीनदा उघडून बघता. आई मला बाजूला घेऊन म्हणते, "त्यांना एकटं धाडू नको रं, इसरायलेत ते." मी म्हणालो, "दात बघ की त्यांचे. म्हातारं कुठं झालंय?" मेंढराचं जसं, तसंच माणसाचं, असं मला वाटायचं. अजूनही नीट कळलेलं नाही. आतलं झिजलं तर ते बघायचं कुठं?

तरी एक दिवस तुम्हाला मेंढरांमागं एकटं सोडून मी चारठाण्याला गेलो. काम काही नव्हतं, देवळाचे खांब बघत दिवस घालवला. दिवस मावळता परत आलो तर मेंढरं आपल्या पायानं घरी आलेली, तुम्ही नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही इथंच सापडलात, याच फाट्यावर, तुमच्या लहानपणीच्या गावाची वाट विचारत. पाय रक्ताळलेले. मी पुढे झालो तर तुम्ही माझी हनुवटी धरली, अंगठ्याने ओठ खाली ओढला, निरखून बघितलं आणि शेजारच्या माणसाला म्हणालात, "कवळं हाय आजून. इकू नका." त्यानंतर तुम्ही चार महिने होतात, पण मला नावानं हाक मारली नाही.

मोटार आली आणि गेलीही, मी चढलो नाही. हा कागद कुठं टाकायचा तेही ठरत नाही, खिशातच राहील. एक गोष्ट आईलाही सांगितलेली नाही. त्या सकाळी मी चारठाण्याला निघालो तेव्हा दारात तुम्ही मला विचारलं होतं, "पाव्हणं, कुठलं गाव?" तुम्ही थट्टेखोर, म्हणून मीही हसून म्हणालो, "परभणी." आणि वाटेला लागलो. तुम्ही हसला नव्हतात, आबा. ते मी बघितलं होतं.