उभं राहून साडी नेसता येईल असा तंबू

१४ डिसेंबर, रविवार. जळगाव

नाताळच्या सुट्टीत साक्रीकडच्या डोंगरात तंबूत राहायला जायचं ठरलं. हवा भरून उभा करायचा मोठा तंबू घ्यायचा, इथवर एकमत. मग समीरने फोनवर दाखवला तो पाच जणांचा. वाकून आत शिरायचं. घरात माणसं सहा. सहावं कोण, हे विचारावं लागलं नाही.

"आई, तुझे गुडघे दुखतील. तू घरीच थांब ना."

गुडघे माझे आहेत. त्यांचं मी बघेन. मुलगा असला म्हणून काय झालं? सरळ सांगितलं, ज्यात उभं राहून साडी नेसता येईल, तोच तंबू घ्यायचा.

"मग मांडवच टाकू. आचारीबी सांगून देऊ का?" हे म्हणाले. सगळे हसले. हसू देत.

टेप आणली, भिंतीशी उभी राहिले, हात वर केला आणि सुनेला मोजायला लावलं. सात फूट. मोजताना ती हळूच म्हणाली, "आई, मलाही रांगत कपडे बदलायचे नव्हते." मग आधी का नाही बोलली? विचारायचं राहिलंच.

सात फुटी, आठ जणांचा मागवला. समीर कुरकुरला, "एवढ्यात हवा कोण भरणार?"

"तू भर," म्हटलं. "भरून झाली की हाक मार. मी साडी नेसायला आत येते."