आपण मला दिसला नाहीत, याबाबत

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक,
शहर बस आगार.

विषय : आपल्या अंगावर बस घातल्याचा आरोप अमान्य असणे व मला चालकाच्या कामावरून तातडीने उतरविणेबाबत.
संदर्भ : आपले कालचे ज्ञापन.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळवितो की, गेल्या महिन्यात मला डेंग्यू झाला. ताप उतरला, घरच्यांच्या जिवात जीव आला, आणि दुसऱ्याच सकाळी चहा घेऊन आलेल्या बायकोला चेहराच नव्हता. नेत्रतज्ज्ञ म्हणतात, डेंग्यूमुळे दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध रक्तस्राव होऊन सूज आली आहे. कडेचे दिसते, नेमके समोरचे दिसत नाही. नजर परत येईल की नाही, हे तेही छातीठोकपणे सांगत नाहीत.

१. त्यांचा दाखला मी आपणास दिला. रजा तापासाठी मंजूर होती, डोळ्यांसाठी नव्हे, सबब ताप उतरताच मी कामास योग्य ठरलो, असा निर्णय आपण दिलात. धन्य आहे!

२. नंतर आपण दालनात खुर्च्या आडव्यातिडव्या मांडून मला चालायला लावलेत. एकीलाही धडकलो नाही, म्हणून सगळ्या कारकुनांदेखत मला नाटकी म्हणालात. अहो साहेब, कडेचे दिसते हे दाखल्यातच लिहिले आहे. त्या वेळी आपले दोन्ही कान मला स्वच्छ दिसत होते. मधला चेहरा तेवढा गायब होता.

३. तरीही समाधान न झाल्याने काल आवारात बस काढण्याचा हुकूम झाला. मी हात जोडले. नोकरी घालवण्याची तंबी मिळाली. बायकापोरे डोळ्यांपुढे आली, घाबरलो आणि गाडी सुरू केली. समोर मोकळे आवार होते. वाहक जिवाच्या आकांताने ओरडला म्हणून ब्रेक दाबला. त्या मोकळ्या आवारात, बंपरपासून हातभर अंतरावर, हात वर करून आपण उभे होता.

४. आता ज्ञापन म्हणते की, चालकाची दृष्टी उत्तम असल्याने सदर कृत्य हेतुपुरस्सर आहे. म्हणजे दिसत नाही म्हटले तर मी कामचुकार आणि दिसते म्हटले तर खुनी! आपला मला राग आहे, तो इथे लेखी कबूल करतो. (अर्ज मी सांगत आहे, बायको लिहीत आहे. तिने गाळलेल्या शिव्या तोंडी सादर करण्यास मी तयार आहे.) पण राग काढायला मी लोकांची बस वापरणार नाही.

५. कहर म्हणजे त्याच ज्ञापनाच्या शेवटी, चालक कमी असल्याने चौकशी होईपर्यंत मी सोमवारपासून शाळेची फेरी करावी, असा आदेश आहे. सही करताना आपण तो वाचलात तरी का?

तरी मला कार्यशाळेत, बस धुण्यावर, फाटकावर, कुठेही लावावे. स्टिअरिंगवर नको.

महोदय, आपण सहा फूट उंच आणि अंगाने चांगले भरभक्कम. तरी दिसला नाहीत. शाळेच्या थांब्यावर उभी असलेली मुले आपल्या कमरेलाही लागत नाहीत. सोमवारी मी वेळेवर हजर राहीन, पण बस काढणार नाही. बडतर्फ करायचे तर खुशाल करा.

नम्रपणा संपत आलेला,
आपल्याच आगाराचा एक चालक

(सही, बायकोने बोट ठेवलेल्या जागी)
शुक्रवार

सोबत : नेत्रतज्ज्ञांचा दाखला, पुन्हा एकदा.