गालातला आवाज

शिरूर कासार

प्रिय पंचशीला,

जयभीम. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. बाबांच्या मागे बैल कोण सांभाळणार, रविवारी गिऱ्हाईक येईल, जोडी देऊन टाक आणि पुण्याला माझ्याकडे ये, हे तुझं म्हणणं मी ऐकून घेतलं होतं.

गिऱ्हाईकाला गाडी चालवून दाखवावी लागेल म्हणून प्रवीणकाकांनी काल बैल जुंपून बघितले. ते हलेनात. काकांनी "चल बे" केलं, शेपट्या पिरगाळल्या, शेवटी वैतागून म्हणाले, "वैनी, बहिरी हायेत का ही?" बहिरी नव्हती. साखर कारखान्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागते, तिथं दुसऱ्याच्या हाकेवर आपली गाडी सुटू नये म्हणून बाबांनी त्यांना वेगळाच आवाज शिकवला होता. जीभ दाढांना चिकटवून गालातून काढायचे, वाळलेली फांदी मोडावी तसा.

विहारातल्या वाचनालयातल्या एका पुस्तकात मला तो आवाज सापडला होता. आपण तो जनावरापुरता ठेवला. दक्षिण आफ्रिकेत आणि तिच्या शेजारच्या देशांत मात्र लाखो माणसांच्या बोलण्यात तो क, ख, ग सारखं व्यंजन आहे. तिथल्या खोसा भाषेचं नावच त्याने सुरू होतं, आपण तिथं नुसता ख लिहितो. पूर्व आफ्रिकेतल्या दोन-चार लहान भाषांतही आहे. बाकी जगात शब्दांत तो जवळपास कुठेच नाही. हे मी बाबांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "मंग तिथं दोन माणसं बोलाय लागली की बैल निघत असतील!" लई हसले होते.

काल काका पाणी प्यायला गेले. मी कासरा हातात घेतला आणि तो आवाज काढून बघितला. आधी नुसती थुंकी उडाली. शेजारची वच्छलाबाई ओट्यावरून म्हणाली, "दाढ दुखती का गं?" मग जमला. बैलांनी कान फिरवले, माना खाली घातल्या आणि गाडी निघाली. वेशीपर्यंत नेऊन आणली. मला रडू आलं नाही. रडताना जीभ दाढेला टिकत नाही.

तर गिऱ्हाईकाला येऊ नको म्हणून कळव. तुळजाबाई आणि तिचा नवरा यंदा गाडीविना आहेत. ते ऊस तोडतील, मी वाहीन. मुकादम म्हणाला, "बाई गाडीवान मी तर न्हाई बघितली." म्हटलं, यंदा बघा. दिवाळी झाली की निघू. पुण्याला मी येईन, पण हंगाम संपल्यावर, आणि पाहुणी म्हणून.

तुझीच,
आई